नोकरी लवकर सोडायची तर किती साठलेलं हवं?

पन्नाशीत नोकरी सोडायची, हे आम्हा नवरा-बायकोचं बऱ्याच वर्षांपासून ठरलेलं आहे. कामाचा कंटाळा आला म्हणून नव्हे. हातपाय धड आहेत तोवर आपला दिवस आपल्या मर्जीने घालवता यावा, एवढीच इच्छा. इच्छा पक्की होती, पण तिच्यापुढे आकडा नव्हता. ओळखीतल्या कुणालाही विचारलं की तो एक गोल रक्कम सांगतो आणि मोठ्या खात्रीने सांगतो. या रकमा एकमेकींच्या तिप्पट-चौपट असतात. हा फरक येतो कुठून, ते बघायला आम्ही बसलो आणि त्यात चांगलेच गुंतलो. जे हाती लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण ही आकडेमोड शाळेतल्या गणितापलीकडची नाही आणि ती दुसऱ्यावर न सोपवता ज्याची त्याने करावी, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीलाच आम्ही रकमा बाजूला ठेवल्या. आमच्या घराचा एका वर्षाचा खर्च म्हणजे १, असं माप धरलं. वर्षाच्या खर्चाच्या बारापट साठलं असेल तर पुंजी १२. हे माप वापरलं की गोल रकमांमधला गोंधळ लगेच निवळतो. भरपूर पगार आणि तेवढाच भरपूर खर्च असलेल्या घरात साठलेली मोठी रक्कम सहा-सात वर्षांची निघते, आणि बेताच्या पगारातही निम्मा खर्च करणाऱ्या घरातली लहान रक्कम वीस वर्षांची. पुढे सगळीकडे मी याच मापात बोलणार आहे.

माप ठरलं, पण ते १ म्हणजे नक्की किती? या एका प्रश्नावर आमचा जेवढा वेळ गेला तेवढा पुढच्या सगळ्यावर मिळून गेला नसेल, आणि तो तिथेच जायला हवा होता. महिन्याचा खर्च साधारण किती, हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. त्याला बाराने गुणलं की जो आकडा येतो तो वर्षाच्या खर्चाशी जुळत नाही. बँकेची वर्षभराची स्टेटमेंटं आणि कार्डाची बिलं काढून एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीपुढे कारण लिहीत गेलो. किराणा, वीज, फोन, विमा, औषधं हे रकाने शहाण्यासारखे वागले. शेवटी उरलेलं सगळं ‘इतर’मध्ये टाकलं आणि बेरीज केली, तर ‘इतर’ हा दुसऱ्या क्रमांकाचा रकाना निघाला.

मग तो रकाना उघडला. त्यात चष्म्याची नवी काच, दाताचं काम, पाण्याच्या पंपाची दुरुस्ती, फोनचा फुटलेला स्क्रीन, एका नातेवाइकाला आजारपणात केलेली मदत, भेटवस्तू, अचानक काढावी लागलेली तिकिटं. प्रत्येक ओळ वाचून वाटतं की हे यंदापुरतंच होतं, पुढच्या वर्षी नसेल. म्हणून आधीच्या दोन वर्षांची स्टेटमेंटंही काढली. तिथे पंप नव्हता, पण गीझर होता. दात नव्हता, पण गुडघ्याचा एमआरआय होता. नावं दर वर्षी बदलली होती आणि बेरीज जवळपास तेवढीच होती. लवकर निवृत्तीचा हिशेब करणाऱ्या कुणालाही माझा एकच आग्रह असेल तर तो हा: ‘इतर’ वगळू नका, आणि एका वर्षावर विसंबू नका.

त्याहून मोठे खर्च दर वर्षी येतच नाहीत. गाडी, फ्रीज, घराचं रंगकाम, छताची गळती. यांच्यासाठी साधी रीत वापरली: वस्तूची आजची किंमत भागिले ती किती वर्षं टिकते. वॉशिंग मशीन दहा वर्षं टिकतं असं धरलं तर त्याच्या किमतीचा दहावा हिस्सा दर वर्षीच्या खर्चात. घरातल्या अशा सगळ्या वस्तूंची यादी केली तेव्हा वर्षाचा खर्च आमच्या अंदाजापेक्षा बराच वर सरकला. ही वाढ दिसायला त्रासदायक असते, पण ती आधी दिसलेली बरी.

नोकरी सुटल्यावर कमी होणारे खर्च वजा करण्याचाही मोह होतो. जाण्यायेण्याचा खर्च, ऑफिसचे कपडे, बाहेरचं खाणं. मी प्रवासाचा रकाना अर्धा केला, तर नवरा म्हणाला, “तो वाढव. घरी बसायला सोडतोय का आपण नोकरी? फिरायलाच तर सोडतोय.” त्याचं म्हणणं बरोबर होतं. रिकामा वेळ फुकट जात नाही, त्याला पैसे लागतात. दिवसभर घरी असणाऱ्याचं विजेचं बिलही वाढतं. शेवटी वजा आणि अधिक जवळपास फिटले आणि आजचा खर्च तोच पुढचा खर्च, असं धरून आम्ही थांबलो.

एवढी कसोशी का, ते गुणाकार केला की कळतं. पुंजी खर्चाच्या ३० पट हवी असेल तर महिन्याला १०० ने वाढलेला कायमचा खर्च वर्षाला १,२०० होतो आणि पुंजीत ३६,००० ची भर मागतो. उलटही तितकंच खरं. महिन्याचा एखादा नको असलेला खर्च कायमचा बंद झाला तर लक्ष्य खाली येतं आणि तेवढीच रक्कम दर महिन्याला शिलकीत पडू लागते, म्हणजे दोन्ही टोकांकडून अंतर कमी होतं. परताव्याबाबत आपण फक्त अंदाज करू शकतो. खर्च मात्र आपल्या हातात असतो आणि तो खात्रीने मोजता येतो.

आता किती वर्षांसाठी? आम्ही पन्नासाव्या वर्षी थांबणार आणि पंच्याण्णवपर्यंत सोय करणार, म्हणजे ४५ वर्षं. पंच्याण्णव ऐकून बहुतेकांना हसू येतं. सरासरी आयुर्मान त्यापेक्षा कितीतरी कमी असतं, हे खरं आहे. पण सरासरीच्या पुढे जगणारेही खूप असतात, आणि जन्मावेळच्या सरासरीत लहानपणी दगावलेलेही धरलेले असतात. पन्नाशी गाठलेल्या माणसाने तो आकडा स्वतःला लावू नये. दोघं असतील तर हिशेब आणखी बदलतो. समजा, प्रत्येकाची पंच्याण्णव गाठण्याची शक्यता चारात एक आहे. दोघांपैकी कुणीच न गाठण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे सोळात नऊ. म्हणजे निदान एकाने गाठण्याची शक्यता सोळात सात, जवळजवळ ४४ टक्के. एवढी मोठी शक्यता असताना मागे राहिलेल्या एकाला नव्वदीत कुणापुढे हात पसरायला लागू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

महागाईकडे वळू. दर वर्षी ६ टक्के महागाई असेल तर किमती १२ वर्षांत दुप्पट होतात. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की दुपटीची वर्षं मिळतात, हा जुना ठोकताळा आहे आणि तो चांगला चालतो. २४ वर्षांत चौपट, ३६ वर्षांत आठपट. हे आकडे घेऊन बसलं तर घाबरायला होतं, म्हणून आम्ही महागाई वजा जाता उरणारा परतावाच हिशेबात घेतला. ती वजाबाकीही भागाकाराने करायची असते: परतावा १० टक्के आणि महागाई ६ टक्के असेल तर १.१० भागिले १.०६, म्हणजे ३.८ टक्क्यांच्या आतबाहेर, पूर्ण ४ नव्हे. ठेवीवर ७ टक्के व्याज, त्यातला १ टक्का करात गेला आणि महागाई ६ टक्के, तर हाती खरी वाढ शून्य. ठेवीतली रक्कम फुगत जाते, पण तिच्यात तेवढंच सामान येतं.

आता मुख्य गणित. दर वर्षाच्या सुरुवातीला १ काढायचा, उरलेली पुंजी महागाईच्या वर अमुक टक्के वाढेल आणि ४५ वर्षांनी ती संपेल, असं धरलं तर सुरुवातीला किती हवं? महागाईएवढीच वाढ झाली, म्हणजे खरी वाढ शून्य असली, तर उघडच ४५. खरी वाढ १ टक्का असेल तर साडेछत्तीस. २ टक्के असेल तर ३०. ३ टक्के असेल तर २५. ४ टक्के असेल तर साडेएकवीस.

हे पाच आकडे एकाखाली एक लिहिले आणि ओळखीतल्यांच्या रकमांतल्या फरकाचं दुसरं कारण समोर आलं. कुणी मनात ४ टक्के धरून बोलत होतं, कुणी शून्य, आणि आपण काय धरलं आहे ते कुणीच सांगत नव्हतं. शून्यापासून दोनवर गेलं की लागणारी पुंजी १५ ने कमी होते, दोनपासून चारवर गेलं की आणखी साडेआठनेच. पुंजी सगळी ठेवीत ठेवणं किती महाग पडतं, ते पहिल्या टप्प्यात दिसतं. आणि मोठा परतावा गृहीत धरून लक्ष्य खाली ओढण्यात पुढे पुढे फायदा थोडा आणि धोका फार, हे दुसऱ्या टप्प्यात दिसतं. आम्ही २ टक्के धरले. समभागांचे, म्हणजे शेअर्सचे, फंड आणि रोखे (बाँड) व ठेवी यांचं मिश्रण ठेवणाऱ्याने ४५ वर्षांसाठी याहून जास्त धरू नये, असं माझं मत आहे.

इथे कुणीही म्हणेल की सगळे तर २५ पट सांगतात. त्या २५ चं मूळ बघण्यासारखं आहे. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये एक लेख लिहिला. १९२६ पासूनची अमेरिकी समभागांची, सरकारी रोख्यांची आणि महागाईची आकडेवारी घेऊन त्यांनी विचारलं की वेगवेगळ्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाने पहिल्या वर्षी पुंजीच्या किती टक्के काढले असते आणि पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली असती तर ३० वर्षं निभावली असती. सगळ्यात वाईट वेळी निवृत्त झालेल्यालाही साधारण ४ टक्के झेपले असते, असं उत्तर आलं. ४ टक्क्यांना उलटं केलं की २५ पट. १९९८ मध्ये टेक्सासमधल्या ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी याच प्रश्नावर अभ्यास केला आणि ४ टक्क्यांचा नियम त्यानंतर घरोघरी पोचला.

या नियमात दोन अटी आहेत आणि त्या वाटेत गळून पडतात. एक, तो ३० वर्षांसाठी आहे. पासष्टीला थांबणाऱ्याला ३० पुरतात, पन्नाशीला थांबणाऱ्याला नाही. दोन, तो एका देशाच्या एका शतकावर उभा आहे आणि ते शतक त्या देशाला चांगलं गेलं. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या शिखरावर होता ते त्याने पुन्हा ओलांडलं २०२४ मध्ये. मध्ये ३४ वर्षं गेली. लाभांश धरला तर चित्र थोडं सुधारतं, पण १९८९ मध्ये सगळं समभागांत ठेवून निवृत्त झालेल्या माणसाला ४ टक्क्यांचा नियम सांगायला कुणी धजावणार नाही.

बेंगेन यांच्या हिशेबातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. सगळ्यात वाईट वेळ कोणती? मला वाटलं होतं १९२९, महामंदीची. पण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांची गत त्याहून वाईट निघते. १९२९ नंतर बाजार कोसळला, पण किमतीही उतरल्या, त्यामुळे घर चालवायला लागणारी रक्कमही कमी झाली. १९७० च्या दशकात मात्र बाजार १९७३-७४ ला पडला आणि महागाई वर्षानुवर्षं चढत राहिली. पुंजी आटत होती आणि तिच्यातून दर वर्षी जास्त रक्कम काढावी लागत होती. निवृत्त माणसाला खरा मार बसतो तो पडझड आणि महागाई एकत्र आल्यावर. पडझडीची धास्ती घेऊन सगळे पैसे ठेवीत नेणं आणि महागाईची धास्ती घेऊन सगळे समभागांत ठेवणं, हे दोन्ही मार्ग तिथे बंद होतात.

यावरून पुढचा मुद्दा निघतो, आणि तो कागदावर स्वतः करून बघितल्याशिवाय पटत नाही. सरासरी परतावा तोच असला तरी बरी-वाईट वर्षं कोणत्या क्रमाने येतात यावर सगळं ठरतं. आम्ही सहा वर्षांचा खेळ मांडला. पुंजी २५. दर वर्षी सुरुवातीला १ काढायचा. महागाई वजा जाता परतावे असे: उणे २५ टक्के, उणे १०, शून्य, अधिक १५, अधिक २०, अधिक २०. पहिल्या वर्षी २४ चे १८ झाले. दुसऱ्या वर्षी १७ चे १५.३. तिसऱ्या वर्षाअखेर १४.३. मग बाजार फिरला आणि सहा वर्षांनी पुंजी १९.४ वर आली. आता हेच सहा परतावे उलट्या क्रमाने: आधी चढती वर्षं, पडझड शेवटी. सहा वर्षांनी पुंजी २३. काहीच काढलं नसतं तर दोन्ही क्रमांत पुंजी अगदी सारखी, २७.९ राहिली असती. फरक फक्त एवढाच की पहिल्या क्रमात भाव पडलेले असताना आम्ही विकत होतो, आणि विकलेलं पुढच्या तेजीत सहभागी होऊ शकत नाही. ३.६ वर्षांचा खर्च केवळ क्रमामुळे गेला.

नवऱ्याने तेव्हा विचारलं, “मग क्रम वाईट निघाला तर आपण काय करणार आहोत?” माझ्या मते लवकर निवृत्तीच्या सगळ्या हिशेबात हाच प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. किती पट हवं, याचं उत्तर त्याच्या उत्तरावर ठरतं.

आम्ही पुन्हा खर्चाच्या यादीकडे गेलो आणि प्रत्येक ओळीपुढे ‘अडतं’ किंवा ‘अडत नाही’ असं लिहिलं. दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि मग ताळा करायचा. वाद झाले. त्याच्या मते पुस्तकं आणि गाण्याचा क्लास ‘अडतं’मध्ये, माझ्या मते नाही. मी बहिणीकडच्या वर्षाच्या फेऱ्या ‘अडतं’मध्ये घातल्या होत्या, तो म्हणाला, दोन वर्षांतून एकदा जाऊ. हे बोलणं आकड्यांचं राहिलं नाही. पुढची चाळीस वर्षं आपण कशी काढणार, कशावाचून आपलं मन झुरेल, ते त्यात उघड झालं. शेवटी खर्चाचा ७० टक्के भाग न हलणारा आणि ३० टक्के हलणारा निघाला. वाईट वर्षांत हलणारा भाग निम्मा करायचा, म्हणजे एकूण खर्च १ ऐवजी ०.८५.

आता तोच वाईट क्रम, पण पुंजी ३० पासून. कपात न करता सहा वर्षांनी २५ उरतात. पहिल्या पडझडीनंतर पुढची तीन वर्षं ०.८५ वर काढली तर २५.७. तीन वर्षांत हात आखडून वाचवले ०.४५ आणि सहाव्या वर्षाअखेर त्याचे ०.७२ झालेले होते, कारण ते पडत्या भावात विकले गेले नाहीत. आकडा प्रचंड नाही, हे मान्य. पण ज्या घरात ७० टक्क्यांच्या जागी ९५ टक्के खर्च न हलणारा आहे, मोठं भाडं, कर्जाचे हप्ते, शिक्षणाच्या फिया, त्या घराला ही सोयच नाही. त्यांनी ३३ किंवा ३५ च्या खाली थांबू नये, असं मला वाटतं. कर्ज फेडूनच नोकरी सोडावी, तेही याच कारणासाठी.

याच्या जोडीला तीन वर्षांचा ‘अडतं’ खर्च ठेवींत आणि अल्प मुदतीच्या रोख्यांत राहील, असं ठरवलं. त्याने परतावा वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. पण बाजार पडलेला असताना किराण्यासाठी फंड विकायची पाळी येऊ नये.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. राहतं घर पुंजीत धरलं नाही. त्याने भाडं वाचतं आणि ते खर्चाच्या रकान्यात आधीच दिसतं. पुंजीतून काढताना कर लागतो. काढलेल्या रकमेतला दहावा हिस्सा करात जाणार असेल तर १ हाती यायला १.११ काढावे लागतात आणि ३० चे ३३ होतात, म्हणून कर हा खर्चाचाच एक रकाना करून टाकावा. नोकरीतला आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. नवा विमा घेताना वय आणि जुनी दुखणी विचारली जातात, म्हणून स्वतःची पॉलिसी आम्ही पगार चालू असतानाच घेतली आणि तिचा हप्ता खर्चात धरला. पुढे पेन्शन मिळणार असेल तर तिचा फायदा मोठा असतो: पंधराव्या वर्षापासून खर्चाचा एक तृतीयांश पेन्शनमधून येणार असेल, तर २ टक्क्यांच्या हिशेबाने ३० ची गरज साधारण सव्वाचोवीसवर येते. पण हे पेन्शन महागाईबरोबर वाढत असेल तरच. ठरावीक रकमेचं पेन्शन ६ टक्के महागाईत बारा वर्षांत निम्म्या किमतीचं होतं. आमचं पेन्शन ठरावीक रकमेचं आहे, म्हणून ते आम्ही हिशेबाबाहेर, अडीअडचणीसाठी ठेवलं.

लक्ष्य ३० ठरलं की तिथे पोचायला किती वर्षं लागतात, हे पगारातला किती हिस्सा मागे पडतो यावर ठरतं. साठवण्याच्या काळात खरी वाढ ३ टक्के धरली, तर शून्यापासून सुरुवात करून उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवणाऱ्याला ५० वर्षांहून जास्त लागतात. ४० टक्के साठवणाऱ्याला २९ आणि निम्मं साठवणाऱ्याला २२. तरुण वाचकांनी हे तीन आकडे जरूर लक्षात घ्यावेत. पाचव्या हिश्शाने रीतसर वयातली निवृत्तीही अवघड जाते, लवकरची तर सोडाच. आणि ज्यांचा पगार घर चालवण्यातच संपतो त्यांना कुणी काटकसरीचे धडे देऊ नयेत. त्यांचा प्रश्न उत्पन्नाचा आहे.

आमची पुंजी आज २४ च्या थोडी पुढे आहे. पगाराचा निम्मा भाग शिलकीत पडतो, म्हणजे दर वर्षी १ साठतो, वर थोडी वाढ. ३० गाठायला अजून साडेतीन वर्षं लागतील, असं दिसतं, आणि पन्नाशी दोन वर्षांवर आली आहे.

यावर नवऱ्याने एक तोड काढली. पहिली पाच वर्षं त्याने निम्मा वेळ काम करायचं आणि घराचा निम्मा खर्च त्यातून भागवायचा. मी गणित केलं. २ टक्क्यांच्या हिशेबाने पाच वर्षांच्या निम्म्या खर्चासाठी सुरुवातीला २.४ बाजूला ठेवावे लागले असते, म्हणजे लक्ष्य २७.६ वर उतरतं आणि तिथे दोन वर्षांत पोचता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, क्रमाचा धोका सगळ्यात जास्त असतो तो सुरुवातीच्या वर्षांत, आणि नेमकं तेव्हाच आम्ही पुंजीचे २ टक्केही काढत नसू. कागदावर हा बेत ३० पट साठवून एकदम थांबण्यापेक्षाही भक्कम दिसतो.

माझी हरकत एवढीच की निम्म्या वेळेचं काम मिळेलच, आणि पाच वर्षं टिकेल, हे त्या २७.६ मध्ये गृहीत आहे. काम दुसऱ्या वर्षी सुटलं तर आम्ही पुन्हा पूर्ण खर्च काढू लागणार, तोही कमी पुंजीतून. म्हणून त्याने आधी ऑफिसात लेखी विचारणा करावी, असं ठरलं. ती त्याने केली आहे. होकार आला तर २७.६ धरायचं, नाही तर ३० पर्यंत दोघांनीही नोकरी चालू ठेवायची. तोवर दर महिन्याच्या अखेरीस ‘इतर’चा रकाना उघडून भरायचं काम माझ्याकडे आणि फंडांची शिलकी टिपायचं त्याच्याकडे.